सुपातली कवडी

कार्तिक सरत आला होता, शेतांच्या बांध्यांमधून कापलेल्या धानाच्या कडपा वाळत पडल्या होत्या, आणि अशा वेळी कोणालाच नको असलेला पाऊस साकोलीत भर दुपारी टपकला. शिवणक्लास सुटून सानगडीच्या एसटीकडे निघालेली ती धावत एका दुकानाच्या पत्र्याखाली शिरली. तिच्यामागोमाग एक तरुण शिरला. दोन्ही हातांत दिवाळी अंकांचा गठ्ठा, चष्म्यावर पाणी, आणि छत्री... बगलेत, बंद.

"छत्री उघडावं लागते जी," तिच्या तोंडून निघून गेलं.

"हात दोनच आहेत," तो ओशाळून म्हणाला. "एक तर अंक भिजतील, नाही तर मी. मी लवकर वाळतो."

तिला हसू आलं. तिनं त्याच्या बगलेतली छत्री ओढून काढली, उघडली आणि गठ्ठ्यावर धरली. त्याच्यावर नाही, गठ्ठ्यावर. पत्र्यावर पाऊस तडतडत होता. तो चष्मा पुसायचा सोडून तिच्याकडे पाहत होता.

"मी जागेश्वर. इथल्या वाचनालयात कामाला आहे. तुमचं... नाव?"

तिनं नजर वळवली. समोर रस्त्यापलीकडे साड्यांच्या दुकानाची पाटी पावसात चमकत होती.

"वासंती," ती म्हणाली.

खरं नाव होतं कवडी.

तिच्या आधी आईची, गोदावरीबाईची, तीन लेकरं गेली होती. चौथी ही. मग रिवाजाप्रमाणे तिला सुपात घालून दाराबाहेर ठेवलं. शेजारच्या चंद्रभागाबाईनं एक कवडी देऊन तिला विकत घेतलं आणि सांभाळायला म्हणून परत आईच्याच पदरात टाकलं. म्हणजे मरणाला वाटावं, हे लेकरू या घरचं नाही, आणि इतक्या स्वस्तातलं घेऊन तरी काय करायचं! लेकरू वाचलं. नाव चिकटलं. शाळेत हजेरीला तिचं नाव आलं की मागचा बाक खिदळायचा. "एका कवडीची पोट्टी! आम्ही दोन देतो, येते का?" मास्तरही मिशीत हसायचे. तेव्हापासून कोणी नाव विचारलं की तिची मान आपोआप खाली जायची.

पुढच्या आठवड्यात ती वाचनालयाच्या दाराशी घुटमळली. आत म्हातारे पेपर वाचत होते. जागेश्वर टेबलामागून उठला, त्याच्या धक्क्यानं खुर्ची पडली, आणि सगळ्या पेपरांवरून चष्मे वर आले.

"तुमच्या नावाचा अर्थ शोधला मी," तो कुजबुजला. "वासंती म्हणजे एक वेल. तिला सुवासिक फुलं येतात."

"आनि जागेश्वर म्हंजे?"

"जो देव कधी झोपत नाही तो."

"म्हनून मघाशी टेबलावर डोकं ठेवून पेंगून राहिले होते काय?"

त्याचे कान लाल झाले. तिला ते कान फार आवडले.

मग दर आठवड्याला एक पुस्तक जायचं, एक यायचं. कधी पुस्तकात चाफ्याचं फूल असायचं, कधी तिनं कापडाच्या चिंधीवर धाग्यानं भरलेली खूण. तो हळूच म्हणायचा, "वासंती..." इतकं जपून, जणू नाव सांडेल. आणि तिला आत कुठंतरी टोचायचं. तो ज्या मुलीला इतक्या मायेनं हाक मारत होता, ती मुलगी नव्हतीच. ते सगळं गोड बोलणं रस्त्यापलीकडच्या पाटीच्या वाट्याला जात होतं.

"घरी कोण कोण असतं?" एकदा त्यानं विचारलं.

"माय, बाबा. सानगडीचे सेवकराम म्हटलं का कोनीबी घर दाखवते." निदान एवढं तरी खरं सांगावं, असं तिला वाटलं. "आनि तुमचे बाबा?"

तो पेनाचं टोपण काढत-घालत राहिला. "आसगावला असतात. शेती करतात. कृष्णराव... नाव."

किती भारदस्त नाव, तिच्या मनात आलं, आणि आपण अजूनच खुज्या झाल्यासारखं वाटलं. तिची एकच आशा होती. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचं असतं. तिथं वासंती लिहिलं गेलं की सुटले! तोवर फक्त निभावून न्यायचं.

पण पौष संपताच एका दुपारी तो खाली पाहत म्हणाला, "बाबा रविवारी तुमच्या घरी येतील म्हणतात... येऊ देत?"

"हौ," ती म्हणाली. आनंदात म्हणाली. एसटी सुटली, खिडकीतून वारा लागला, आणि मग तिला उमगलं. ते वासंतीला मागायला येणार होते.

सांगावं, सांगावं म्हणता रविवार उजाडला. दुपारी अंगणात धोतर नेसलेला, खांद्यावर दुपट्टा टाकलेला एक म्हातारा उभा राहिला.

"रामराम जी. मी आसगावचा. जागेश्वरचा बाप. तुमच्या वासंतीसाठी आलो."

"घर चुकलं पावना," सेवकराम म्हणाले. "आमच्या घरी वासंती नाही."

"सेवकराम तुमीच ना? पोरगी साकोलीले शिवनकाम शिकाले जाते?"

"जाते. पन ते तर आमची कवडी हाये."

कुंपणावरून शेजारची बेबीबाई खो खो हसली. "बाप्पा! आपली कवडी वासंती कधी झाली वो?"

पडवीत गोदावरीबाई तांदूळ पाखडत होत्या. सुपाची फटफट एकदम थांबली. त्यांनी दाराआड चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ती नजर दुखावलेली होती. लेकीनं आपलं काहीतरी साकोलीच्या रस्त्यावर टाकून दिलं, हे त्यांना कळलं होतं.

आता पळून जायला मागचं दार होतं. ती पुढच्या दारानं बाहेर आली.

"काकाजी, मीच खोटी बोलली," ती म्हणाली. "वासंती कोनी नाही. माझं नाव कवडी हाये. लाज वाटे म्हनून... तुमच्या पोराले काही माहीत नाही. त्याच्यावर रागावू नका. तुमी... चहा घेऊन जा."

म्हाताऱ्यानं कप उचलला नाही. तो तिच्याकडे पाहतच राहिला.

"माझं नाव माहीत हाये का तुले, बाई?"

"कृष्णराव."

"कृष्णराव? ते तर आमच्या गावचे पाटील! मी कवडू."

बेबीबाईचं हसू अर्ध्यावर राहिलं.

"मलेबी मायनं सुपात ठेवून इकलं होतं," तो म्हणाला. "कवडू तर गावोगाव हायेत. आमच्या आसगावात एकाले हाक मारली का चार जन ओ देतात. पोट्ट्यासाठी सारेच करतात जी. पन कवडी? केस पिकले माझे, पयल्यांदा आयकून राहिलो." तो गोदावरीबाईंकडे वळला. "वयनी, पोरीसाठी सूप ठेवलं तुमी?"

गोदावरीबाई सुपातल्या तांदळात बोटं फिरवत होत्या.

"सासू म्हने, पोरगीच तं हाये, कायले खटाटोप? पोट्टा झाला का करू. यायनंबी तेच म्हटलं." सेवकरामांनी मान खाली घातली. "मी म्हटलं, मले हेच लेकरू पायजे. कोनी सूप उचलाले तयार नाही. मंग मीच बाळंतिनीच्या अंगानं उठली, दाराबाहेर ठेवलं, आनि चंद्रभागाबाईले हाक मारली. नावबी मीच ठेवलं. पोट्ट्याचं ठेवतात ना, मंग माझ्या पोरीचं काहून नाही?"

सुपाची गोष्ट कवडीनं लहानपणापासून ऐकली होती. हे भांडण कोणी सांगितलं नव्हतं. हे नाव दुसऱ्या कोणा मुलीचं का सापडत नाही, हेही तिनं कधी विचारलं नव्हतं. ती आईजवळ खाली बसली. लाज अजून होतीच, पण आता ती नावाची नव्हती. तिनं सुपाच्या कडेवर हात ठेवला. आईनं तो झटकला नाही.

"माझा पोट्टाबी तसाच," कवडू चहाचा घोट घेत म्हणाला. "बापाचं नाव लपवलं म्हने पोरीपासून. तुमी पुढं जाऊन सांगा, मले तोंड दाखवाले लाज वाटते, असं म्हनून तलावाच्या पाळीवर बसला हाये. आना कोनी त्याले."

सेवकराम खाकरले. "जाय कवडे. बेबीबाई, तू जाय वो संगं."

बेबीबाई तर आधीच निघाली होती. पण पाळीच्या पायथ्याशी ती शहाण्यासारखी थांबली.

तलावावर ऊन पडलं होतं. जागेश्वर वर एकटा बसला होता. आभाळात ढग नव्हता आणि बगलेत छत्री होती. तिला पाहताच तो धडपडून उठला.

"वासंती, मला तुम्हाला एक सांगायचं..."

"वासंती दुकानाचं नाव हाये. बसस्टँडसमोरच्या."

पाण्यात कुठंतरी मासा उसळला.

"कृष्णरावसुद्धा..."

"पाटील हायेत. माहीत हाये मले."

मग त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि पत्र्याखाली विचारलं होतं तसंच विचारलं, "तुमचं... नाव?"

"कवडी."

ती त्याच्या हसण्याची वाट पाहत राहिली. हसणं आलं नाही.

"कवडी," तो म्हणाला. हळू, जपून, जणू नाव सांडेल.

"पुन्हा म्हना."

"कवडी." त्याचे कान लाल झाले होते. "आणि ते... तांदळात लिहायचं असतं ना लग्नात... तिथं वासंती लिहू का?"

"लिहून तं पाहा!"

खालून बेबीबाईनं हाळी दिली, "चहा थंडा होऊन राहिला वो, वासंतीबाई!"

ज्याचं बोलणं वाचनालयातसुद्धा शेजारच्या बाकाला ऐकू जात नसे, तो जागेश्वर पाळीच्या कडेला गेला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, "वासंती नाही इथं! कवडी आहे! आणि कवडूचा जागेश्वर! येतो आम्ही!"

छत्री घरंगळत खाली गेली. पाण्यावरचे बगळे उठले. कवडी लाजली. पण या वेळी लाजताना तिला कुठं लपावंसं वाटलं नाही.