दोन भोंग्यांच्या मधली जागा

"दोन भोंगे पाहिजेत. अगदी सारखे," अर्पिता म्हणाली.

देवानंदनं मान वर केली आणि हातातला पेचकस खाली ठेवायचं विसरला. तेलंगणातल्या बोथच्या बाजारात त्याचं मंडप-साऊंडचं दुकान होतं. गिऱ्हाईक आलं की तो एकच प्रश्न विचारी, तोच विचारला.

"लग्न कोणाचं?"

"लाटांचं. शाळेत फिजिक्स शिकवते मी. दोन सारखे आवाज मिसळले की कुठं मोठे होतात, कुठं गप्प, ते पोरांना दाखवायचं आहे."

"आवाजात आवाज मिसळून गप्प? मॅडम, दहा वर्षं झाले भोंगे लावून राह्यलो. अजून कोणी गप्प झालेलं पाह्यलं नाही."

"तुमी भोंग्यामागं उभे राहता. मधात कधी उभे राह्यले?"

नव्हता राहिला. इतका नेमका प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नव्हता.

अर्पिता मुधोळची, तात्पुरत्या नेमणुकीवर आलेली. पंधरा दिवसांनी शिक्षणाधिकारी तास पाहायला येणार होते. तास पसंत पडला तर पुढचं वर्ष इथंच, नाही तर मुधोळची बस. हे कळल्यापासून देवानंदला लाटांची फार काळजी वाटू लागली.

सराव मैदानात सुरू झाला. दोन टोकांना दोन भोंगे, एकच मशीन, एकसुरी शिट्टी. पोरं डोळे मिटून चालत. आवाज मोठा लागला की हात वर, बारीक झाला की खाली. बरोबर मधोमध सगळ्यांचे हात वर गेले. अर्पितानं तिथं चुन्याची फुली मारली.

पण वायर ढिली निघायची. मग सराव उद्यावर. असं चारदा झालं.

"वाऱ्यानं होते," देवानंद गंभीरपणे सांगे. वारा त्या आठवड्यात बोथला आलाच नव्हता.

"तुमच्या वायरीला काही दुखणं आहे का?"

"आहे ना. हल्लीच लागलं…"

"कवापासून?"

"तुमी दुकानात आल्या तवापासून."

अर्पिता बोटांवरचा चुना फुंकत राहिली — बोटं स्वच्छ झाल्यावरही.

ठरल्या दिवशी शिक्षणाधिकारी साहेब आले, फुलीवरच्या खुर्चीत बसले. "सर, आपकी जगह पे सबसे बडा आवाज आएगा," अर्पितानं सांगितलं. मशीन सुरू झालं. कडेच्या पोरांनी कानात बोटं घातली. साहेब मात्र विहारात बसल्यासारखे शांत.

"चालू करो ना मॅडम."

"चालू है, सर…"

देवानंदनं भोंग्याकडे पाहिलं. चारदा सोडून बांधताना एका भोंग्याची वायर उलटी लागली होती. गप्प बसला तर तो वाचत होता आणि ती मुधोळला जात होती. तो उठला.

"साहेब, गलती मेरी. वायर उलटी लगाया. और वो ढिली होती थी ना… वो भी मैंच करता था."

"काय को?"

देवानंद पेचकसाकडे पाहत राहिला. पोरांत खसखस पिकली.

अर्पिता पुढं झाली. "सर, उठू नका," घाईत ती मराठीतच म्हणाली, मग सावरून हिंदीत समजावलं: उलट्या वायरीमुळं एक लाट चढते तेव्हा दुसरी उतरते, आणि या खुर्चीत दोघी एकमेकींना पुसून टाकतात. "आता सरळ करा… देवानंद."

नाव तिनं पहिल्यांदाच घेतलं होतं. त्यानं एका दमात वायर सरळ केली. शिट्टी वाजली आणि साहेब खुर्चीसकट मागं सरकले.

"बस, बस. समझ गया. अगले साल भी आपही पढाओ."

साहेबांची जीप गेली. देवानंद वायर गुंडाळू लागला.

"थांबा. परत उलटी लावा."

"काऊन?"

"लावा ना."

शिट्टी सुरू होताच पोरं कान झाकून भिंतीकडे पळाली. फुलीवर मात्र शिट्टी नुसती दुरून आल्यासारखी वाटत होती. अर्पितानं त्याला तिथं बोलावलं.

"आता सांगा. वायर काऊन ढिली करत होते?"

"तुमाला माईत नाही?"

"माईत आहे. पहिल्याच दिवशी तुमच्या हातात राहून गेलेला पेचकस पाह्यला. पण ऐकायचं आहे… मी एकटीनं."

देवानंदनं सांगितलं. दोनच वाक्यं होती. भोंगेवाला माणूस इतकं हळू बोलू शकतो, हे त्यालाही नवीन होतं.

अर्पितानं डोळे मिटले आणि पोरांना शिकवलं होतं तसा हात वर केला.

"मॅडम चुकल्या," भिंतीजवळून प्रगती नावाची पोरगी म्हणाली. "तिथं तर आता काहीच ऐकू येत नाही."