बारावी जागा

"मावशी, माझी बशी मी बाहेर घेऊन जाते!"

टॅन्सीने खुर्ची मागे ढकलली, मक्याच्या गरम कण्या आणि अंडी उचलली आणि मागल्या पायऱ्यांवर जाऊन बसली. टेबलापाशी ओडेसा एकटीच उरली. खिडकीबाहेर सरोवरावरून आलेलं धुकं इतकं दाट होतं, की समोरच्या घराचं नुसतं छप्पर कुठेतरी अधांतरी तरंगत असल्यासारखं दिसत होतं...

"एका छताखाली राहता, आणि एकमेकींना कॉफीसुद्धा विचारत नाही!" व्हर्बीना मावशी कळवळून म्हणाली. "आणि तुमच्या त्या प्रशिक्षिका बाईला दुसऱ्या कोणी सापडल्या नाहीत? एका जागेसाठी सख्ख्या बहिणी?"

बास्केटबॉलच्या संघात बारा जणींना जागा होती. अकरा नावं पक्की झाली होती. बारावी जागा चेंडू पुढे नेणारीची, आणि तिच्यासाठी दोघीच उरल्या होत्या: चौतीस वर्षांची ओडेसा आणि नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली टॅन्सी.

आई गेली तेव्हा टॅन्सी एवढीशी होती. तिला न्हाऊमाखू घालणं, तिच्या कुरळ्या केसांच्या बारीक वेण्या घालणं, तापात रात्र रात्र उशाशी बसणं, सारं ओडेसाने केलं. घरामागच्या गल्लीत चेंडू डाव्या हातात कसा खेळवायचा, हेही तिनेच शिकवलं. आणि मग एके दिवशी तुर्कस्तानातल्या एका संघाने बोलावलं. टॅन्सीला मावशीच्या पदरात घालून ओडेसा गेली. एका हिवाळ्यापुरती म्हणून गेली, आणि हिवाळ्यांमागून हिवाळे उलटले... दरवर्षी मिलवॉकीला, मावशीच्या या घरी, बूट यायचे, टॅन्सीच्या नेमक्या मापाचे. ओडेसा मात्र यायची ती पाहुण्यासारखी. पुढे पुढे टॅन्सीने तिच्याशी बोलणंच सोडलं. आणि आता या निवडीसाठी ओडेसा पुन्हा त्याच घरात राहायला आली होती.

आज ती जागा तिला देऊन टाकायची! त्या धुक्याकडे पाहत ओडेसाने मनाशी ठरवलं. कुणाला कळणारही नाही. पोरीच्या वाट्याला एकदा तरी काही यावं...

शेवटच्या सराव सामन्यात प्रशिक्षिका ब्रँट बाईंनी दोघींना समोरासमोर उभं केलं. उंच काचांमधून आत झिरपणारा पांढुरका प्रकाश कोर्टवर सांडला होता. बुटांची करकर, चेंडूचे ठोके... ओडेसाला वाटलं, आपण कुठल्याशा जुन्या स्वप्नात धावतो आहोत. टॅन्सी समोरून आली. चेंडू डाव्या हातात. तीच खांद्याची हूल, तीच मान किंचित कललेली! ओडेसा अलगद, अगदी अर्धं पाऊल, बाजूला सरकली.

वाट मोकळी झाली. पण टॅन्सी बास्केटकडे गेलीच नाही! ती जागच्या जागी थांबली आणि तिने चेंडू ओडेसाच्या छातीवर भिरकावला.

"परत! नीट अडव मला!"

बाकीच्या मुली खेळ सोडून पाहू लागल्या.

"टॅन्सी, अगं..."

"खैरात वाटतेस? लहानपणापासून माझं सगळं तूच ठरवत आलीस! कुणी वाढवायचं तेही तूच ठरवलंस. आता माझं जिंकणंही तूच ठरवणार?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाज मात्र पेटलेला. "खेळ माझ्याशी, डेसा! एकदा तरी माझ्याशी खरं वाग!"

ओडेसाने डोळे पुसले... आणि ती खेळली. अशी खेळली, की आपला देह, आपलं वय, दुखरे गुडघे सारं विसरली! तिने टॅन्सीच्या हातातला चेंडू पळवला, पुन्हा पळवला. पाठमोरी राहून असे पास दिले की बाकावरच्या मुली उठून ओरडल्या. टॅन्सी पडली, उठली, दात-ओठ खाऊन पुन्हा आली. आणि शेवटी तिने डावीकडची हूल दाखवली, ऐनवेळी उजवीकडे वळली आणि ओडेसाला मागे टाकून चेंडू जाळीत घातला. ही चाल मात्र ओडेसाने तिला कधीच शिकवली नव्हती!

संध्याकाळी ब्रँट बाईंनी ओडेसाला खोलीत बोलावलं.

"आज सकाळपर्यंत ती जागा तुझी होती," त्या हळूच म्हणाल्या. "तू बाजूला सरकलीस, ते मी पाहिलं. ती तशीच पुढे गेली असती, तर मी तुझंच नाव पक्कं केलं असतं. पण तिने चेंडू परत दिला. आणि मग तुला हरवलं. मला वाईट वाटतंय, ओडेसा."

"नका वाटून घेऊ, कोच..." ओडेसा म्हणाली. "मी माझ्या सर्वस्वाने खेळून हरले. तेही तिच्याकडून!"

बाहेर गाड्यांच्या रांगा धुक्यात विरघळून गेल्या होत्या. ओडेसाच्या गाडीला टेकून टॅन्सी उभी होती. नजर खाली.

"कळलं ना?"

"कळलं. शेवटची ती चाल कुठे शिकलीस गं?"

टॅन्सी हसायला गेली, आणि तिला एकदम हुंदकाच फुटला. "मी तुला कधी असं जीव तोडून खेळताना पाहिलंच नव्हतं, डेसा! तू नेहमी तिकडे दूर... मला वाटायचं, माझा कंटाळा आला म्हणून गेलीस. आज पाहिलं. इतकं सुंदर खेळतेस तू! आणि ते सगळं तू माझ्यासाठी टाकून द्यायला निघालीस?"

"तुझ्यावाचून मला कुठेच करमलं नाही गं, राणी... पण खेळावाचूनही राहवत नव्हतं. दोन्ही खरं आहे."

"मग तेव्हाच सांगायचंस ना! मला ते कळलं असतं. मीही तशीच आहे की!"

ओडेसाने तिला घट्ट जवळ ओढलं. एवढी उंच, एवढी बळकट पोर... आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखी रडत होती. सरोवराकडून एखाद्या जहाजाचा भोंगा ऐकू आला, लांबलचक, गुंगवणारा.

"आता परत जाऊ नकोस," टॅन्सी पुटपुटली. "माझे सामने पाहायला कोण येणार?"

"नाही जाणार."

तेवढ्यात टॅन्सीच्या खिशातला फोन वाजला. पलीकडे मावशी होती.

"अगं, बोल ना काहीतरी! कोण राहिलं?"

टॅन्सीने ओडेसाचा हात हातात धरला.

"दोघी, मावशी," ती म्हणाली. "संघात मी, पण इथे दोघी राहिलो!"