डोळ्यातला ठिपका

त्या दुपारी मी यांचा जेवणाचा डबा घेऊन रंगाच्या खोलीवर गेले. आमची छकुली खांद्यावर झोपली होती.

आमचे हे माणसांची चित्रं काढतात. बारा वर्षं मास्तरांच्या हाताखाली होते. मास्तरांची रीत अशी, की शिष्याने सगळं चित्र रंगवायचं, पण डोळ्यातला पांढरा ठिपका मास्तरच लावणार. त्या ठिपक्याने चेहरा जिवंत व्हायचा. मास्तर वारले आणि यांनी ठिपका लावणंच सोडलं. "विझलेले डोळे. ही माझी स्वतःची शैली," म्हणाले. लोकांना आवडलीसुद्धा.

मग वाळलेल्या तीन चित्रांत ठिपके दिसायला लागले. ज्यांची ती चित्रं, ती तिन्ही गिऱ्हाइकं न्यायला आलीच नाहीत. विसरली असतील, म्हणून आम्ही सोडून दिलं.

"तूच लावतेस," हे म्हणायचे.

"मला मेलीला साधी भिंत रंगवता येत नाही!"

मला यांचाच संशय. जुनी सवय सुटेना आणि कबूल करायची लाज.

आता यांनी छकुलीचं चित्र काढलं. "लेकीचे डोळे तरी विझवू नका हो," मी विनवलं. ऐकलं नाही. म्हटलं, बघूच चोर कोण ते. आदल्या दिवशी मीच कुलूप लावलं, किल्ली माझ्याजवळ ठेवली.

हे पायरीवर वाट बघत होते. कुलूप उघडलं. आत तेलाचा वास, आणि त्यात लवंगेचा. मास्तर सारखी लवंग चघळायचे.

चित्रात दोन्ही डोळ्यांत ठिपके होते. ओले.

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. यांच्या डोळ्यांत समोरची खिडकी बारीकशी चमकत होती. तेवढ्यात छकुली जागी झाली. मी तिचं तोंड उजेडाकडे केलं... तिच्या डोळ्यांत खिडकी नव्हती. नुसतं काळं.

"अहो... हिच्या डोळ्यांत काहीच दिसत नाही..."

यांनी फडकं उचललं. "थांब, पुसून टाकतो ते ठिपके..."

"नका!" मी यांचं मनगट धरलं. "हिचा उजेड तिथे गेलाय... तोही पुसलात तर?"

फडकं यांच्या हातातून गळून पडलं.

आणि आमच्या पाठीमागे कुणीतरी दाताखाली लवंग फोडली.