चौथ्या गाडीतली खोट

"ती गाडी घेऊ नका."

आवाज तिच्या पायाजवळून आला. तिने दचकून खाली पाहिलं. शेजारच्या गाडीखालून दोन बूट बाहेर डोकावत होते, टाचा झिजलेले. बाकीचा माणूस गाडीखाली होता.

"माझ्याशी बोलताय?" तिने बुटांनाच विचारलं.

"मग आणखी कोणाशी? रंग छान आहे म्हणून हीच घेते, असं फोनवर आईला सांगणारं या आवारात दुसरं कोण आहे?"

ती गोरीमोरी झाली. परक्या देशातल्या जुन्या गाड्यांच्या आवारात, गाडीखालून आपलीच भाषा ऐकू येईल असं कोणाला वाटेल? तोवर बूट सरकले आणि त्यांच्यामागून एक पस्तिशीचा माणूस बाहेर आला. गालाला काजळी, हातात टॉर्च, आणि डोळे असे शांत, की त्यांच्यावर रागावणं जड जावं.

"पण रंग खरंच छान आहे," ती म्हणाली.

"असणारच. परवाच मारलाय." त्याने गाडीच्या दाराखाली बोट दाखवलं. "इथे आतल्या बाजूने हात फिरवून बघा."

तिने फिरवला. पत्र्याखाली एक खडबडीत उंचवटा बोटांना लागला, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"सांधा आहे," ती लगेच म्हणाली.

आता चकित व्हायची पाळी त्याची होती. "लोकांना तीन वेळा फिरवूनही कळत नाही. करता काय तुम्ही?"

"कवळ्या."

तिचं काम खरोखरच ते होतं. दातांच्या दवाखान्यामागच्या लांबट खोलीत बसून मेणात दात बसवायचे, हिरडीचा रंग जुळवायचा, केसाएवढा उंचवटा राहिला तर घासून काढायचा. नाहीतर कोणाच्या तरी तोंडाला तो खुपतो. त्याचं काम गाड्या तपासायचं. ज्याला जुनी गाडी घ्यायची असेल तो याला बोलवायचा, आणि हा टॉर्च घेऊन तिच्या पोटात शिरायचा. ती पहिली गाडी म्हणजे अपघातात सापडलेल्या दोन गाड्यांचे चांगले अर्धे जोडून केलेली एक गाडी होती. तिने ती घेतली नाही. त्याचा नंबर मात्र घेतला.

गाडी तिला चैनीसाठी नको होती. दादा या देशात आधी आला. मग त्याने वहिनीला आणि जुळ्या पोरींना आणलं, आणि आठ महिन्यांपूर्वी आई, बाबा आणि ती आली. माणसं सात. दादाच्या छोट्या गाडीत बाबांची चाकाची खुर्ची मावायची नाही, आणि ती गाडीही सकाळीच दादाबरोबर कारखान्यात जायची. बाबांची डावी बाजू दोन वर्षांपूर्वी गेलेली. मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना व्यायामासाठी दवाखान्याची गाडी न्यायला यायची, तिला वाटेल तेव्हा. घराच्या फाटकात माणूस दिसला नाही तर ती थांबत नसे, म्हणून बाबांना आधीपासूनच फाटकात नेऊन बसवावं लागे. ही परवड थांबवायची तर सगळ्यांना आणि खुर्चीलाही पोटात घेईल अशी मोठी गाडी हवी होती. दादाला सवड नव्हती, तेव्हा निवडायची जबाबदारी हिच्या गळ्यात पडली.

प्रत्येकाची अट निराळी. आईला पाय उंच न उचलता चढता यायला हवं. वहिनीला जुळ्यांच्या मध्ये मोठं माणूस बसेल अशी रचना हवी, नाहीतर दोघी एकमेकींच्या झिंज्या उपटतील. बाबांनी एकच सांगितलं, "मला सामानासारखं मागे टाकू नका. खिडकी द्या."

दुसऱ्या शनिवारी तो आला तो वेळेआधी, आणि दाढी करून. गाडी पांढरी होती. त्याने सीटचा पट्टा पूर्ण ओढून तिच्या हातात दिला. "टोकाला हात लावा." पट्ट्याच्या शेवटच्या वीतभर भागावर वाळलेला चिखल होता. गाडी पुरात बुडून आली होती.

"माणसांत पण अशाच खोटी काढता का?" तिने हात पुसत विचारलं.

"माणसांच्या खाली शिरून बघता येत नाही ना."

"नशीब आमचं."

तो हसला आणि लगेच गंभीर झाला. बारा वर्षं तो एकटाच राहत होता. हसणं त्याला लांबवता येत नसे.

तिसऱ्या शनिवारी बारीक पाऊस होता. त्याने इंजिनाच्या तेलाचं झाकण उघडून तिच्या तळहातावर ठेवलं. आत दुधाच्या सायीसारखा पांढरा थर. "तेलात पाणी शिरलंय. तीन महिन्यांत रस्त्यात बसेल." मग पाऊस थांबेपर्यंत दोघं त्याच गाडीत बसले. काचांवर वाफ धरली. तिने कवळ्यांविषयी सांगितलं... एका म्हाताऱ्याने नव्या कवळीने पहिल्यांदा हसून दाखवलं तेव्हा ती कशी कपाटामागे जाऊन रडली, तेही सांगितलं. ते तिने घरी कोणालाच सांगितलं नव्हतं.

"मी कोणासाठी तपासलेली गाडी पुन्हा कधी बघत नाही," तो म्हणाला. "लोक गाडी घेतात आणि जातात. चांगलं काम झालं की माझं काम संपतं."

तिने काचेवरची वाफ बोटाने पुसली आणि बाहेर बघत राहिली.

घरी वहिनीने त्याचं नाव नकारघंटा ठेवलं. "काय म्हणाली आज नकारघंटा? नाही ना? मग तू एवढी खुशीत का?"

"खुशीत कुठे?"

"आरशात बघ जा."

चौथी गाडी निळसर होती. पायरी खाली, दार सरकतं, मागे खुर्चीसाठी ऐसपैस जागा, आणि मधल्या रांगेत बाबांसाठी हवी तशी रुंद खिडकी. तो खाली शिरला, वर आला, पुन्हा शिरला. चालवून आणली. तिने हात पुढे केला होता, आता कुठे लावायचा या तयारीने. पण त्याने टॉर्च खिशात टाकला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "नाही. ही नको."

"बरं," ती म्हणाली.

पुढच्या मंगळवारी दवाखान्याची गाडी दीड तास आलीच नाही. आई-बाबा फाटकात बसून राहिले. हाडं गोठवणारा वारा होता. रात्री बाबांना ताप भरला, गुरुवारपर्यंत छाती भरली, आणि शुक्रवारी त्यांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. नाकाला नळी लावून झोपलेल्या बाबांकडे बघताना तिचं काळीज तुटत होतं.

तिचा निरोप मिळताच शनिवारी दुपारी तो दवाखान्यात आला. ओसरीसारख्या लांब मार्गिकेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर तिच्याशेजारी बसला. तिला इतकं हायसं वाटलं, की डोळे भरून आले.

"बरं झालं आलात," ती म्हणाली.

"तसं म्हणू नका. आधी ऐका. ती चौथी गाडी... तिच्यात काही खोट नव्हती."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"चांगली होती?"

"बारा वर्षांत बघितलेल्या पाच-सहा चांगल्या गाड्यांतली एक."

"मग नाही का म्हणालात?"

"हो म्हटलं असतं तर... शनिवार संपले असते."

मार्गिकेच्या टोकाला कोणाचीतरी ट्रॉली खडखडत गेली. ती उठून उभी राहिली. आवाज चढवावा अशी ती जागा नव्हती, त्यामुळे ती अगदी हळू बोलली, आणि ते ओरडण्याहून वाईट होतं.

"माझे बाबा दीड तास थंडीत बसले होते. तुमच्या शनिवारसाठी."

"हो."

"तुम्ही सांगितलं नसतंत तर मला कळलंही नसतं."

"कळलं नसतं. पण मग तुमच्याकडे बघता आलं नसतं मला."

"जा तुम्ही," ती म्हणाली, आणि तो गेला.

बाबा अकराव्या दिवशी घरी आले. अशक्त, पण डोळ्यांत तीच जुनी चमक. निळसर गाडी केव्हाच विकली गेली होती. तिने कामात स्वतःला बुडवून घेतलं. पण मेणात दात बसवता बसवता हात थांबायचा. राग त्याच्यावर होता हे खरं, पण त्या रागाच्या तळाशी आणखी काहीतरी होतं, आणि तिथे बोट लावायची तिला हिंमत होत नव्हती.

"तो पोरगा कुठे आहे?" एका संध्याकाळी बाबांनी विचारलं. "शनिवारवाला."

त्याने केलेलं सगळं तिने सांगितलं. बाबा खिडकीबाहेर बघत ऐकत होते. तीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतून वजनमापं तपासली होती. खोटं वजन त्यांना नुसतं तळहातावर घेऊन कळायचं, आणि त्या बाबतीत त्यांनी सख्ख्या मेहुण्याचीही गय केली नव्हती. आता बाबा त्याला फाडून खाणार, असं तिला वाटलं.

"खोटी वजनं मी पोत्यांनी जप्त केली," बाबा सावकाश म्हणाले. आजारानंतर त्यांचे शब्द अडखळत यायचे. "पण हे घ्या, माझं वजन खोटं आहे, असं म्हणून स्वतः आणून देणारा... तीस वर्षांत एकही भेटला नाही."

"म्हणून त्याला माफ करू?"

"मी कुठे तसं म्हटलं? आजारी मी पडलो, पण विश्वास तुझा मोडला. तो टाकायचा की सांधायचा ते तुझं तू बघ. आणि मला खिडकीची गाडी हवीच आहे, ते विसरू नकोस."

त्या रात्री तिला झोप आली नाही. सकाळी तिने त्याला निरोप पाठवला. शनिवारी दहाला या, पाचवी गाडी बघायचीय.

या खेपेला भाड्याची मोठी गाडी करून सगळं घर आलं होतं. दादाने रजा काढली होती. जुळ्या चिखलात उड्या मारत होत्या आणि वहिनी त्यांच्यामागे धावत होती. तो आला, तिला मान लववून सरळ बाबांच्या खुर्चीपाशी गेला आणि गुडघे टेकून बसला.

"बाबा, मला तुम्हाला सांगायचंय—"

"आधी काम," बाबा म्हणाले. "मग बोलू."

तो गाडीखाली शिरला. करडी गाडी, जरा जुनी, पुढच्या बाजूला एक पोचा. दोन तास त्याने तिचा खिळा न् खिळा बघितला. आईला तीनदा चढ-उतर करायला लावली. बाबांना खुर्चीसकट आत घेऊन खिडकीजवळ बसवून बघितलं. शेवटी तो हात पुसत तिच्यासमोर येऊन उभा राहिला. चेहरा उतरलेला होता. या एका शब्दाने काय काय संपणार आहे ते त्याला ठाऊक होतं, आणि तिलाही.

"पोचा वरवरचा आहे. मागची दोन टायर बदलून घ्या. बाकी कुठेही खोट नाही." त्याने टॉर्च खिशात टाकला. "घ्या."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. खोटं बोलणं त्याला किती सोपं होतं, आणि हे किती जड गेलं, ते त्याच्या चेहऱ्यावर सरळ वाचता येत होतं. तिच्या मनातला राग त्या क्षणी गेला असं नाही. पण त्या रागाच्या तळाशी काय आहे ते आता सांगावंच लागणार, हे तिला कळून चुकलं.

"जरा इकडे या," ती म्हणाली. दोघं गाड्यांच्या रांगेच्या टोकाला गेले.

"पहिल्या तिन्ही गाड्यांत तुम्ही खोट माझ्या हाताला लावून दाखवलीत. सांधा, चिखल, झाकण. चौथ्या गाडीत काहीच दाखवलं नाहीत."

"नाही दाखवलं."

"आणि मी विचारलं नाही. माझ्या लक्षात आलं होतं. तिथल्या तिथे आलं होतं. ज्या बाईच्या बोटांना केसाएवढा उंचवटा कळतो तिला हे कळणार नाही? मला कळलं, आणि मला... आनंद झाला. पुढचा शनिवार मिळाला म्हणून. मी बरं म्हटलं आणि गप्प बसले."

"तुम्हाला कळलं होतं?" तो म्हणाला.

"दवाखान्यात तुम्हाला जा म्हटलं ते म्हणूनच. तुम्ही तुमचं सांगून मोकळे झालात. माझं सांगायची माझी छाती झाली नाही."

वारा सुटला होता. लांबवर एका जुळीने दुसरीचं काहीतरी हिसकावलं असावं, कारण एकच गलका उठला. त्याने काजळीचा हात पुढे केला, मग तो किती मळलाय ते बघून मागे घेतला. तिनेच तो धरला.

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. "हे आधीच सांगितलं असतं तर खोटं बोलावं लागलं नसतं. एवढं साधं वाक्य... बारा वर्षांत कोणाला म्हणायची वेळच आली नव्हती."

"मलाही आवडता. पण ते नंतर." तिने डोळे पुसले. "आधी बाबांकडे चला. काम झालंय, आता ते ऐकून घेतील. त्यांना थंडीत कोणी बसवलं ते सांगायचंय."

"मी सांगतो. तुम्ही मध्ये येऊ नका, माझी चूक—"

"आपण दोघांनी सांगायचं," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. गाडीचं दार उघडंच होतं आणि आत खिडकीशी बाबा त्यांचीच वाट बघत बसले होते. त्याचा हात न सोडता ती त्यांच्याकडे चालू लागली.