मालनबाईची घागर

दिवे गेलेत तर बसा इथेच, ओट्यावर. कंदील नको, उगाच किडे येतात. आमच्या पालिकेच्या खात्यातल्या भिमाजीवर गुदरलेलं सांगतो. भिमाजी थापा मारणारा माणूस नाही; खरं बोलायचाही त्याला कंटाळा, तर खोटं कुठून बोलणार?

साल चौऱ्याऐंशी. रंगपंचमीची रात्र. दिवसभर रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, डुंबून नाशिक थकून झोपलेलं, आणि भिमाजी सायकलला डिझेलचा कॅन बांधून सातपूरच्या बाजूला परत निघालेला. तिथं पालिकेची एक जागा होती. लोखंडाला मुलामा देणाऱ्या एका कारखानदारानं ती भाड्यानं घेतली, वर्षानुवर्षं क्रोमचं घाण पाणी जमिनीत मुरवलं आणि एक दिवस गाशा गुंडाळला. माती पिवळी, शेजारच्या विहिरीचं पाणी पिवळं. मग पालिकेला जाग आली. दिवसा मजूर ती माती खणून ट्रकमध्ये भरत. रात्रंदिवस विहिरीवर डिझेलचा पंप चाले आणि उपसलेलं पाणी पक्क्या हौदात पडे. रात्री राखणीला भिमाजी.

"पंप थांबता कामा नये," असं साहेबांनी बजावलं होतं. थांबला की पिवळं पाणी जमिनीखालून रस्त्यापलीकडच्या बोअरकडे सरकणार. त्याच बोअरवर भिमाजीची वस्ती पाणी भरायची. पाणी नितळ, पिवळं नाही म्हणजे चांगलं, अशी सगळ्यांची समजूत. आणि भिमाजीच्या घरी लेक वत्सला बाळंतपणाला आलेली, दिवस भरलेले. म्हणून टाकी रिकामी व्हायच्या आधीच तो डिझेल आणायला गेला होता.

वळणावर त्याच्या लक्षात आलं, पंपाचा आवाज येत नाही.

फाटकातून आत शिरला. इंजिन अजून गरम होतं, टाकीत डिझेलही होतं. त्यानं हँडल मारलं. इंजिन फडफडलं, बंद पडलं. पुन्हा मारलं. पुन्हा बंद.

आणि त्या शांततेत रहाटाचा आवाज आला.

कुर्र... कुर्र...

रहाट तर पालिकेनं केव्हाच काढून नेला होता. विहिरीवर बाभळीच्या काटेरी फांद्या पसरल्या होत्या.

चंद्र नुकता वर आलेला. काठावर एक बाई उभी होती, पाठमोरी. कमरेवर घागर.

"कोन हाय? पानी भरू नका तिथलं!"

बाई वळली नाही. "वत्सी आलीय ना रं म्हायेरी? पयली घागर माजी असती."

भिमाजीनं आवाज ओळखला. मालनबाई. वस्तीतली कुठलीही लेक बाळंतपणाला आली की तिच्या दारात पहिली घागर मालनबाईच ठेवायची. तिचा मान होता तो, कुणी मोडत नसे. घागर याच विहिरीची. हेच पाणी, नितळ दिसायचं तेव्हापासून, पिऊन पिऊन मालनबाई पोटाच्या दुखण्यानं खंगली आणि गेल्या दिवाळीत गेली. भिमाजीनं खांदा दिला होता. तिची ती बुडाला पोचा आलेली घागर मुलानं मोडीत घातली, तीही त्याच्या डोळ्यांदेखत.

ती निघाली. फाटकाकडे. त्याच्या घराकडे.

भिमाजी इंजिनापर्यंत मागे सरला. पण लेक...

"मालनमावशी... ते पानी इख हाय. तुमी... तुमी त्याच पान्यानं गेल्या."

ती थांबली.

कुत्रं नाही. रातकिडा नाही. काहीच नाही...

"मला कुनी सांगितलं नाय रं..."

मागे इंजिन धडधडलं. हँडलला कुणाचा हात नव्हता. त्यानं दचकून मागे पाहिलं, पुन्हा वळला, तर फाटकात कुणी नव्हतं.

तो घराकडे धावत सुटला. दाराला आतून कडी. बायकोनं उघडलं. वत्सला गाढ झोपलेली, श्वास नीट. पण संध्याकाळी बोअरवरून भरून ठेवलेला माठ पालथा. कळशी पालथी. जमीन ओली. शेजारची कुसाबाई दार उघडून ओरडत आली, "आमच्या घरात बी थेंब नाय!" वस्तीतलं एकूण एक भांडं पालथं होतं.

सकाळी भिमाजी साहेबांच्या दारात जाऊन बसला आणि बोअरचं पाणी तपासून घेतलं, तेव्हाच उठला. त्या नितळ पाण्यातही तेच विष निघालं. केव्हाचं पोचलं होतं ते. बोअरला टाळं लागलं, टँकर सुरू झाले. वत्सलाला मुलगी झाली, ठणठणीत.

लोक म्हणाले, रंगपंचमीचा दंगा, कुणीतरी झिंगून भांडी पाडली असतील. भिमाजी वाद घालत नसे. तो फक्त उंबऱ्याबाहेरची फरशी दाखवायचा. तिच्यावर एक पिवळं वर्तुळ होतं, घागरीच्या बुडाएवढं, एका बाजूनं चेपलेलं. रहाडीचा रंग असेल, म्हणाले. असेल. पण बायकोनं घासघासून हात सोलले, चार पावसाळे गेले, तरी ते गेलं नाही. कोरडं ठाक, तसंच राहिलं.

आता वस्तीला नळ आलाय. पाणी कसं, नितळ, त्या बोअरसारखंच. परवा वत्सला दुसऱ्या बाळंतपणाला आली. भिमाजी पहाटे दार उघडून बाहेर आला, तर पाय घसरला. म्हणून खाली पाहिलं.

वर्तुळ ओलं होतं.