पान एकोणीसवरची साथ

ही गोष्ट खरी आहे. पटवून द्यायच्या भानगडीत मी पडत नाही, कारण ती छापलेली आहे.

माझी सख्खी मावशी विद्यापीठाच्या संगीत विभागाचं ऑफिस सांभाळते. सव्वीस वर्षं झाली. तिच्या खुर्चीमागच्या लोखंडी कपाटात, वरून दुसऱ्या कप्प्यात, विभागाचा गेल्या वर्षीचा अहवाल आहे. त्याचं पान तीन वाचा. मग पान एकोणीस वाचा.

आणि मग मला सांगा, मी गोष्टी रचते का ते.

दिवस मार्चमधला दुसरा शनिवार. वेळ संध्याकाळी सहाची, म्हणजे बाहेर चांगला उजेड. जागा विभागाचं सभागृह, आत अडीचशे माणसं. अंधार नाही, ओसाड रस्ता नाही, काही नाही.

पण आधी तो अहवाल कसा लिहितात ते सांगते. घोडं तिथेच पेंड खातं.

वर्षभरात कोणते कार्यक्रम झाले, कोणाला बक्षीस मिळालं, किती कार्यशाळा घेतल्या, याचं ते बत्तीस पानी पुस्तक. वार्षिक मैफलीच्या संध्याकाळी पाहुण्यांच्या हातात द्यायचं असतं. आणि वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम कोणता, तर तीच मैफल. ती अहवालात नको का? म्हणून मावशी महिनाभर आधीच लिहून मोकळी होते, की मैफल टाळ्यांच्या कडकडाटात पार पडली.

लिहिते म्हणजे तरी काय, गेल्या वर्षीची फाइल उघडायची, तारखा बदलायच्या, नावं बदलायची. गायनवृंदाला स्पर्धेत दुसरा क्रमांक. संघ तीनच होते, ते लिहायचं नाही. सव्वीस वर्षं असंच चाललं, कोणाचं काही बिघडलं नाही.

मावशीची एकुलती एक मुलगी त्याच विभागात शिकत होती. व्हायोलिन, शेवटचं वर्ष. आम्ही तिला चिंगी म्हणतो. काका ती दुसरीत असताना गेले. मावशीने एकटीने वाढवली तिला, एका पगारात. व्हायोलिनच्या तारा तुटल्या की त्या महिन्यात मावशीच्या चपला तुटक्याच राहायच्या.

त्या वर्षी मैफलीला एका मोठ्या वाद्यवृंदाच्या बाई पाहुण्या म्हणून येणार होत्या. एका विद्यार्थ्याला त्या आपल्याकडे घेणार होत्या. मावशीचा सगळा जीव त्या संध्याकाळीत अडकला होता.

आता तिसरं माणूस. विभागात पियानोची साथ करायला एक बाई होती. सगळे तिला घड्याळ म्हणायचे, कारण तिचा ठेका केसभरही हलायचा नाही. सुरू करण्याआधी ती पियानोच्या लाकडावर नखाने दोनदा वाजवायची.

टक... टक.

आणि वाजवणाऱ्याचं काही चुकलं की थांबायची. रागावायची नाही, आवाजही चढवायची नाही. फक्त म्हणायची, "परत पहिल्यापासून."

चिंगी तिच्याच हाताखाली तयार झाली. तिसऱ्या वर्षीच्या मैफलीत दोघींनी मिळून वाजवलं होतं.

त्यानंतरच्या नोव्हेंबरात घड्याळ गेली. तापाचं निमित्त झालं, चार दिवसांत संपली. मावशी ऑफिसात बसून ढसाढसा रडली. अहवालाच्या पान तीनवर तिने काळी चौकट आखली आणि तिच्याबद्दल आठ ओळी लिहिल्या.

मग नेहमीसारखं पुढे गेली. पान एकोणीस, वार्षिक मैफल. तारीख बदलली, चिंगीचं वर्ष बदललं, रचनेचं नाव बदललं. चिंगीचं नाव होतंच.

त्याच्यापुढचं नाव बदलायचं राहिलं.

म्हणजे एकाच पुस्तकात ती बाई पान तीनवर वारली होती, आणि पान एकोणीसवर मार्चमध्ये चिंगीला पियानोची साथ करत होती.

छापखान्यातून खोकी आली तेव्हा मावशीच्या लक्षात आलं. चारशे प्रती! तिने नव्या साथीदाराच्या नावाच्या पट्ट्या कापल्या आणि दोन दिवस बसून एकेका प्रतीवर चिकटवल्या. मान धरली, बोटं गोंदाने कडक झाली, पण काम झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने खोकं उघडलं...

सगळ्या पट्ट्या तळाशी पडल्या होत्या.

गोंद जुना असेल, ती म्हणाली. नवा आणला. पुन्हा चिकटवल्या. पुन्हा तेच. शेवटी विभागप्रमुख बाई म्हणाल्या की सोड, पान एकोणीसपर्यंत कोण वाचतंय? खरं तर पहिल्या पानापर्यंतही कोणी वाचत नाही.

मग मैफलीच्या आठवड्यातला मंगळवार. दुपारचे चार.

मावशी ऑफिसात होती. वरच्या मजल्यावर, सात नंबरच्या खोलीत, चिंगीचा सराव चालला होता. खिडक्या उघड्या होत्या, त्यामुळे खाली स्पष्ट ऐकू येत होतं. व्हायोलिन आणि पियानो, अगदी हातात हात घालून. मावशीला बरं वाटलं. नव्या मुलाशी जमलं एकदाचं.

तेवढ्यात दारात कोणीतरी उभं राहिलं.

नवा साथीदार. धापा टाकत होता. बस चुकली म्हणाला, आणि पियानोच्या झाकणाची किल्ली मागितली.

मावशीने टेबलाचा खण उघडला. किल्ली तिथेच होती.

वर पियानो वाजत होता...

त्याने मान वर करून ऐकलं. "तिने एकटीनेच सुरू केलं वाटतं," तो म्हणाला. त्याला फक्त व्हायोलिन ऐकू येत होतं.

मावशीची पाचावर धारण बसली. कशीबशी जिना चढली. दार ढकललं. पियानोचं झाकण बंद होतं, कुलूप जागच्या जागी. चिंगी दाराकडे पाठ करून उभी होती. तिचा गज तारेवर थांबला.

तिने वळूनही पाहिलं नाही.

"आई, मधेच का आलीस? आता परत पहिल्यापासून."

मावशी आजही म्हणते, तिथेच थांबवायला हवं होतं. हाताला धरून घरी न्यायला हवं होतं. पण चार दिवसांवर मैफल होती. पाहुण्या बाई येणार होत्या. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न होता. मावशीने मनाची समजूत घातली की आपल्यालाच भास झाला.

शनिवार आला. सभागृह भरलं. पाहुण्या बाई पहिल्या रांगेत, मांडीवर अहवाल. मावशी विंगेत उभी.

चिंगी मंचावर गेली. नवा साथीदार पियानोच्या बाकावर बसायला वाकला... आणि अर्ध्यातच थांबला. जरा उजवीकडे सरकला. पुन्हा वाकला. मग सरळ उभा राहिला आणि चालत विंगेत आला. चेहरा पांढराफटक.

"ताई," तो मावशीला हळूच म्हणाला, "बसायला जागाच नाही."

बाक रिकामा होता. अडीचशे माणसांना दिसत होता.

टक... टक.

चिंगीने गज उचलला. इतकं सुंदर तिने कधीच वाजवलं नव्हतं. लोकांना ऐकू येत होतं फक्त व्हायोलिन. मधेच ती थांबायची, रिकाम्या बाकाकडे बघून मान हलवायची, आणि बरोबर ठेक्यावर पुन्हा सुरू करायची. लोकांना वाटलं, रचनाच तशी असेल.

मावशीला मात्र दोन्ही ऐकू येत होतं.

पाहुण्या बाई पुढे झुकून ऐकत होत्या. शेवटचं पान आलं. दहा-बारा सूर उरले असतील. आणि चिंगीचं एक बोट किंचित घसरलं. कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

पियानो थांबला.

चिंगी थांबली.

मावशीने तो आवाज स्वच्छ ऐकला. शांत, न रागावलेला.

"परत पहिल्यापासून."

टक... टक.

चिंगीने पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्यांदा लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना कौतुक वाटलं. तिसऱ्यांदा कुजबुज झाली. चौथ्यांदा प्रमुख बाईंनी पडदा पाडला. पाहुण्या बाई निघून गेल्या.

पडद्यामागे ती वाजवतच होती. प्रत्येक वेळी त्याच जागी बोट घसरायचं. हातातून व्हायोलिन काढून घ्यायला दोन माणसं लागली. तारांवर रक्त होतं.

याला आता वर्ष होत आलं.

व्हायोलिन आमच्या घरी माळ्यावर ठेवलंय. चिंगी दिवसभर जेवणाच्या टेबलाशी बसते. डाव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर चालू असतात. एका जागी थांबतात. मग तिचे ओठ हलतात, आणि बोटं पुन्हा सुरुवातीपासून. भरवलं तर जेवते. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, आमच्या नवसासायासांचं तर विचारूच नका. ती अजून एकदाही शेवटापर्यंत पोचलेली नाही. मावशी खंगून निम्मी झालीये.

या वर्षी अहवाल लिहायची वेळ आली तेव्हा मावशीने मला बोलावून घेतलं. म्हणाली, मी लिहिलं ते खरं झालं ना? पण तिची रचना संपल्याचं मी लिहिलंच नव्हतं.

तिने तीच फाइल उघडली. पान एकोणीसवर नवीन ओळ टाइप केली, की या मैफलीत चिंगीने ती रचना शेवटपर्यंत वाजवली. प्रमुख बाईंनी वाचलं, चष्मा काढून पुसला आणि सही करून टाकली. चिंगीला मैफलीच्या शनिवारी सभागृहात न्यायचं ठरलं.

काल खोकी आली. मी मावशीबरोबरच होते. तिने एक प्रत घेतली, पान एकोणीस काढलं, ओळ वाचली. वर्षभरात पहिल्यांदा ती हसली. म्हणाली, "आता सुटेल गं माझी पोर."

मी दुसरी प्रत घेतली होती. सहज मागे पानं उलटली.

पान तीन.

तिथे काळी चौकट होती. आत काहीच छापलेलं नव्हतं.

मला कळतं, कसं झालं असेल ते. जुनी फाइल उघडली, आठ ओळी पुसल्या, चौकट पुसायची राहिली. मावशीची सव्वीस वर्षांची सवय. इतकंच असेल.

मी मावशीला सांगितलं नाही. तिचं ते हसू बघून तोंडच उघडेना. ती चहाला गेली तेव्हा मी एक कोरा कागद कापून त्या प्रतीतल्या चौकटीवर चिकटवला. अंगठ्याने दाबून दाबून बसवला आणि प्रत खोक्यात सगळ्यात वर ठेवली.

आज सकाळी मावशीच्या आधी ऑफिसात गेले. खोकं उघडलं...

कागद तळाशी पडला होता.

शनिवार परवा आहे.