मधल्या स्टेशनपर्यंत एक, तिथून पुढे दुसरं

“भाव विचारल्याशिवाय पैसे काढू नकोस,” आई सांगायची. म्हणून दर गुरुवारी मावशीकडे जाताना मी तिकीट खिडकीशी विचारायचे, “आज किती?”

तीन गुरुवार झाले, तीन वेगळे आकडे. गाडी तीच, डबाही तोच.

“असं कसं हो?” मी हळूच विचारलं.

खिडकीआडचा क्लार्क माझ्याच वयाचा असावा. त्याने कान खाजवला. “खरं सांगू? मलाही कळलेलं नाही. यंत्र सांगतं, मी छापतो.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “मधल्या स्टेशनपर्यंत एक, तिथून पुढे दुसरं, अशी काढा. गाडी तीच, पण स्वस्त पडेल.”

“दोन तिकिटं एकापेक्षा स्वस्त?”

“आहे ना गंमत!” हसताना त्याचे डोळे बारीक व्हायचे...

मग दर गुरुवारी तो कुणाला तरी विचारून आलेला असायचा.

“साहेब म्हणतात, गर्दीवर ठरतं.”

“पण मधल्या स्टेशनला कुठली गर्दी? तिथे चिटपाखरू उतरत नाही.”

“तेच म्हणालो मी! तर साहेब म्हणाले, तू चहा घे.”

मला हसू आवरेना. रांगेतले आजोबा खाकरले. “लग्नाची बोलणी चाललीत का? आम्हाला गाडी आहे!”

त्याने घाईघाईने तिकिटं सरकवली... त्या दिवशी उरलेले सुट्टे द्यायला तो विसरला, आणि मी घ्यायला.

पुढच्या गुरुवारी तिकिटं पुढे आली, पण त्याचा हात त्यांच्यावरून निघेना.

“सोमवारपासून माझी बदली झालीय.”

“कुठे?” माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

त्याने तिकिटावरच्या मधल्या नावावर बोट ठेवलं. “तुमची गाडी तिथे दोन मिनिटं थांबते. मी... खिडकीतून बघत जाईन.”

“नका बघू.”

त्याचा चेहराच पडला.

“मी उतरेन,” मी म्हणाले. “येत्या गुरुवारी. नक्की.”

“अहो, पण उतरलात तर पुढच्या गाडीचं नवं तिकीट काढावं लागेल. महाग पडेल!”

“किती?”

“ते मात्र...” तो आता हसत होता, “त्या दिवशीच कळेल.”

आज गाडीतूनच मावशीला फोन लावला. “मी पुढच्या गाडीने येते गं. शब्द दिलाय एकाला.”

“एकाला की एकीला?”

खोटं मला जमत नाही. “...एकाला.”

“मग सावकाश ये, बाळा.”

गाडीचा वेग मंदावला. डब्यात कुणीच हललं नाही. मी पिशवी खांद्याला लावली आणि दाराकडे निघाले.